पाइलच्या मॉडेलमधून मातीच्या स्प्रिंगचे बल कसे काढावे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापूर परिसरात पाइल फाउंडेशनची (जमिनीत खोल जाणाऱ्या खांबांच्या पायाची) डिझाइन्स करणारे तरुण इंजिनिअर आणि एम.टेक.चे विद्यार्थी माझ्याकडे मॉडेल घेऊन येतात. या मॉडेलमध्ये पाइलभोवतीची माती स्प्रिंगांनी दाखवलेली असते. मॉडेल बहुतेक वेळा ठीक असते. अडते ते पुढे, स्प्रिंगमध्ये किती बल आले हे वाचताना. तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून उत्तरे एका जागी लिहून ठेवली आहेत. स्प्रिंगच्या आकड्याचा ताळा जुळल्याशिवाय तो आकडा वापरायचा नाही, हे मी प्रत्येकाला सांगतो. पुढे बऱ्याच उत्तरांत हे पुन्हा येईल.

पाइलचा मोमेंट (वाकवणारा परिणाम) आणि डिफ्लेक्शन (सरकणे) मिळाले की डिझाइन होते. मग स्प्रिंगचे बल कशाला काढायचे?

मोमेंटचा आलेख माती चुकीची भरली तरी छान गुळगुळीत येतो, म्हणून. वरून गोल फुगलेला, खाली हळूहळू शून्याकडे जाणारा. तो पाहून चूक कळत नाही. स्प्रिंगचे बल म्हणजे त्या खोलीवर आपण मातीकडे किती आधार मागतो आहोत, त्याचा आकडा. माती तेवढे देऊ शकते का, हा प्रश्न त्या आकड्याशिवाय विचारताच येत नाही. वरच्या दोन-तीन मीटरमधल्या स्प्रिंगा आपल्या कमाल क्षमतेला टेकल्या असतील तर भार आणखी थोडा वाढताच पाइल एकदम जास्त सरकतो. मोमेंटच्या आलेखात ही गोष्ट दिसत नाही, स्प्रिंगच्या यादीत लगेच दिसते.

स्प्रिंग मॉडेल म्हणजे नक्की काय?

विंक्लरने १८६७ मध्ये मांडलेली कल्पना: माती म्हणजे एकमेकींशी न जोडलेल्या स्प्रिंगांची रांग. पाइल बीम एलिमेंटचा (लहान लहान तुकड्यांचा), आणि प्रत्येक नोडला, म्हणजे तुकड्यांच्या सांध्याला, आडवी एक स्प्रिंग, तिला पी-वाय म्हणतात. बाजूच्या घर्षणासाठी उभी टी-झेड आणि बुडाशी टेकूसाठी क्यू-झेड. मऊ चिकणमातीसाठी मॅटलॉकने १९७० मध्ये दिलेला पी-वाय वक्र आणि वाळूसाठी रीस, कॉक्स व कूप यांचा १९७४ चा वक्र आजही सर्रास वापरतात. आपल्याकडे आयएस २९११ या पाइलच्या भारतीय संकेतातली रेषीय पद्धतही पुष्कळ चालते.

सॉफ्टवेअर जे बल दाखवते ते किलोन्यूटनमध्ये की किलोन्यूटन प्रति मीटरमध्ये?

सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पी-वाय वक्रातला पी हा पाइलच्या एक मीटर लांबीवरचा विरोध असतो, म्हणजे किलोन्यूटन प्रति मीटर. स्प्रिंग एलिमेंट मात्र एका नोडला जोडलेले असते आणि त्याला फक्त बल कळते, किलोन्यूटन. दोघांना जोडणारी गोष्ट म्हणजे त्या नोडच्या वाट्याची लांबी. वरच्या एलिमेंटची अर्धी आणि खालच्या एलिमेंटची अर्धी लांबी मिळून नोडचा वाटा होतो.

एक हिशोब करून पाहू. ६०० मिमी व्यासाचा पाइल, चिकणमातीची अनड्रेन्ड (पाणी निचरू न देता मोजलेली) ताकद ४० किलोपास्कल, पाण्याखालील एकक वजन ८ किलोन्यूटन प्रति घनमीटर, खोली ३ मीटर. मॅटलॉकच्या सूत्रातला गुणक ३ अधिक ०.६ (एकक वजन × खोली ÷ ताकद) अधिक २.५ (०.५ × खोली ÷ व्यास), म्हणजे ६.१. हा ९ च्या मर्यादेखाली आहे. कमाल विरोध ६.१ × ४० × ०.६ = १४६.४ किलोन्यूटन प्रति मीटर. निम्मा विरोध जागृत होण्यासाठी लागणारे सरकणे २.५ × ०.०१ × ०.६, म्हणजे १५ मिमी; यातला ०.०१ हा निम्म्या ताकदीला मातीत येणारा स्ट्रेन. आता पाइल त्या खोलीवर ५ मिमी सरकला तर विरोध कमालच्या निम्म्याला एक तृतीयांशाच्या घनमुळाने गुणून मिळतो: सुमारे ५०.८ किलोन्यूटन प्रति मीटर. नोड अर्ध्या अर्ध्या मीटरवर असतील तर स्प्रिंगमध्ये दिसणारे बल २५.४ किलोन्यूटन.

म्हणजे भरताना वाट्याच्या लांबीने गुणायचे आणि वाचताना त्याच लांबीने भागायचे. ओपनसीज या सॉफ्टवेअरमधल्या पायसिंपल-१ या पी-वाय मटेरियलला कमाल क्षमता द्यायची असते तीही बल म्हणूनच. वरच्या उदाहरणात तिथे ७३.२ जायला हवे, १४६.४ नव्हे.

नोडमधले अंतर बरोबर १ मीटर असेल तर ही चूक झाली तरी आकडा बदलत नाही. पहिले मॉडेल एक मीटर अंतराचे करून शिकलेल्यांच्या हातून पुढे बारीक मेशमध्ये (नोडांच्या विभागणीत) चूक होते, ती यामुळेच. माझ्याकडे एकदा पुलाच्या पाइलचे मॉडेल तपासायला आले होते. नोड पाव मीटरवर होते आणि स्प्रिंगच्या तक्त्यात प्रति मीटरचे आकडे जसेच्या तसे भरले होते. मॉडेलमधली माती खऱ्यापेक्षा चौपट ताकदीची झाली होती. डिफ्लेक्शन फार कमी आले, म्हणून ते डिझाइन सुरक्षित समजून पुढे गेले होते. हे मला आजही अस्वस्थ करते, कारण चूक धोक्याच्या बाजूची होती आणि उत्तर मात्र दिसायला चांगले होते.

सर्वात वरच्या आणि सर्वात खालच्या नोडचे काय?

त्यांचा वाटा निम्मा. अंतर ०.५ मीटर असेल तर टोकाला ०.२५ मीटर. मेशचे अंतर जिथे बदलते त्या नोडला दोन्ही बाजूंची अर्धी अर्धी लांबी वेगळी धरा.

आयएस २९११ प्रमाणे स्प्रिंगचा ताठरपणा काढताना व्यासाने गुणायचे की नाही?

जमिनीच्या प्रकारावर आहे. घट्ट चिकणमातीसाठी मिळणारा के, म्हणजे मातीच्या आडव्या विरोधाचा गुणांक, किलोन्यूटन प्रति घनमीटर असतो, त्याला व्यासाने आणि वाट्याच्या लांबीने गुणायचे. के १२,००० असेल तर ६०० मिमी पाइलला अर्ध्या मीटरवर १२,००० × ०.६ × ०.५ = ३,६०० किलोन्यूटन प्रति मीटर. ४ मिमी सरकल्यावर त्या स्प्रिंगमध्ये १४.४ किलोन्यूटन.

वाळूसाठी दिलेल्या ईटा-एच या गुणांकामध्ये व्यास आधीच सामावलेला आहे. तिथे ईटा-एच × खोली × वाट्याची लांबी, एवढेच. पुन्हा व्यासाने गुणले की ६०० मिमी पाइलसाठी ताठरपणा चाळीस टक्क्यांनी कमी पडतो, १२०० मिमीसाठी वीस टक्क्यांनी जास्त. संकेतात आर आणि टी या पाइल व माती यांच्या ताठरपणावरून निघणाऱ्या लांब्या आहेत, त्यांच्या सूत्रातच खूण आहे: चिकणमातीच्या आर मध्ये के च्या जोडीला व्यास आहे, वाळूच्या टी मध्ये नाही.

काही स्प्रिंगांचे बल अधिक, काहींचे उणे येते. मॉडेल चुकले का?

नाही. उलट आडव्या भाराखालच्या लांब पाइलमध्ये सगळ्या स्प्रिंगा एकाच चिन्हाच्या आल्या तर मला शंका येते. पाइल वर एका बाजूला सरकतो आणि खाली थोडासा उलट्या बाजूला. म्हणून वरची माती एका दिशेने रेटते, खालची दुसऱ्या.

पण चिन्हाची दुसरी एक गुंतागुंत आहे, ती सॉफ्टवेअरची. अबॅकसच्या स्प्रिंग-२ मध्ये सापेक्ष सरकणे पहिल्या नोडचे वजा दुसऱ्या नोडचे असे मोजतात. ऍन्सिसच्या कॉम्बिन-१४ मध्ये दुसरा नोड पहिल्यापासून अधिक दिशेला गेला की ताण. ओपनसीजच्या झिरोलेंग्थ एलिमेंटमध्येही दुसऱ्यातून पहिला वजा. एकच पाइल, त्याच क्रमाने दिलेले नोड, तरी एका सॉफ्टवेअरमध्ये अधिक आलेले बल दुसऱ्यात उणे दिसेल. शिवाय स्प्रिंगमधले बल आणि मातीने पाइलला दिलेले बल यांची चिन्हे उलटी असू शकतात.

यावर मी एकच उपाय सांगतो. मॉडेल सुरू करण्याआधी एक नोड, एक स्प्रिंग, १० किलोन्यूटनचा भार, एवढी छोटी फाइल चालवा आणि चिन्ह कसे येते ते वहीत लिहा. पाच मिनिटांचे काम आहे. मॅन्युअल वाचून अंदाज बांधण्यापेक्षा हे पक्के.

कोणत्या सॉफ्टवेअरमध्ये हे बल कुठे सापडते?

अबॅकसमध्ये स्प्रिंग एलिमेंटसाठी एस-११ मागायचे. नाव ताणाचे असले तरी स्प्रिंगसाठी तो आकडा बलच असतो, त्याला क्षेत्रफळाने गुणू नका. ई-११ म्हणजे सापेक्ष सरकणे. कनेक्टर वापरला असेल तर एकूण बल सीटीएफ या नावाने येते.

ऍन्सिसमध्ये कॉम्बिन-१४ आणि कॉम्बिन-३९ दोन्हींसाठी ई-टेबल करून एसमिस्क १ घ्यायचे.

ओपनसीजमध्ये विश्लेषणाआधीच एलिमेंट रेकॉर्डर लावावा लागतो, एक बलासाठी आणि एक विरूपणासाठी. नंतर आठवले तर पुन्हा चालवण्याशिवाय इलाज नाही.

आपल्याकडच्या ऑफिसांत सर्वाधिक चालणाऱ्या स्टॅड प्रोमध्ये स्प्रिंग हा सपोर्टचाच प्रकार आहे, म्हणून बल सपोर्ट रिअॅक्शनमध्ये मिळते. सॅप २००० मध्ये लिंक एलिमेंट वापरले असेल तर लिंकची बले वाचायची, आणि ती लिंकच्या स्थानिक अक्षांत असतात. कोणता स्थानिक अक्ष पाइलला आडवा आहे ते आधी पाहा. घाईत लोक पाइलच्या लांबीच्या दिशेचे बल आडवे समजून उचलतात.

अबॅकसमध्ये स्प्रिंगा दिसतात, पण आउटपुटमध्ये त्यांचे काहीच येत नाही. का?

सीएईमध्ये (अबॅकसच्या पडद्यावर मॉडेल मांडायच्या भागात) स्प्रिंग इंजिनिअरिंग फीचर म्हणून दिलेली असते, ती नेहमीच्या एलिमेंट सेटमध्ये बसत नाही. हिस्टरी आउटपुटची नवीन मागणी करा आणि डोमेनमध्ये स्प्रिंग-डॅशपॉट निवडा. मी स्वतः स्प्रिंगा इनपुट फाइलमध्ये कीवर्डने लिहितो, प्रत्येक थराला वेगळा एलिमेंट सेट देतो आणि बले डॅट फाइलमध्ये छापून घेतो. अरेषीय स्प्रिंगसाठी तसेही कीवर्डपर्यंत जावेच लागते. शिवाय नाव "थर२_खोली३.०" असे असले की नंतर शोधाशोध करावी लागत नाही.

स्प्रिंग-ए वापरताना एक लक्षात ठेवा: तिची दिशा दोन नोडांना जोडणाऱ्या रेषेवरून ठरते. पाइल आणि माती यांचे नोड एकाच जागी असतील तर दिशाच ठरत नाही. पाइलसाठी ठरावीक दिशेची स्प्रिंग-१ किंवा स्प्रिंग-२ बरी.

बल बरोबर आहे हे कसे ओळखायचे? ताळा कसा करायचा?

तीन ताळे करा. तिन्ही जुळल्याशिवाय मी शीटवर सही करत नाही.

पहिला, आडव्या बलांचा. पाइलच्या डोक्यावर १०० किलोन्यूटनचा आडवा भार असेल तर सगळ्या आडव्या स्प्रिंगांच्या बलांची चिन्हासह बेरीज १०० यायला हवी. वरच्या स्प्रिंगांची १४८ आणि खालच्यांची उलटी ४८, निव्वळ १००. फरक पडला तर पहिल्यांदा बुडाचा सपोर्ट पाहा. बुडाचा नोड आडव्या दिशेत पक्का बांधून ठेवलेला असतो आणि त्याची रिअॅक्शन बेरजेत धरलेली नसते, हे मी कितीतरी वेळा पाहिले आहे.

दुसरा, मोमेंटचा. मला तो सगळ्यात आवडतो. भार जमिनीच्या पातळीवर आहे, डोके मोकळे आहे आणि वेगळा मोमेंट लावलेला नाही, असे समजा. आता प्रत्येक स्प्रिंगचे बल तिच्या खोलीने गुणा आणि बेरीज करा. उत्तर शून्य यायला हवे, कारण आडवा भार जमिनीच्या पातळीतूनच जातो आणि त्या पातळीभोवती त्याचा मोमेंट शून्य आहे. एक्सेलच्या एका रकान्यात हे होते. खालच्या उलट्या स्प्रिंगांचे बल लहान असूनही त्यांची खोली मोठी असल्याने हिशोब बरोबर जुळतो, आणि तो जुळताना पाहिला की पाइल कसा वागतो ते खरेच कळते. भूमितीची अरेषीयता चालू असेल तर उभ्या भाराचा थोडा वाटा उरेल: ८०० किलोन्यूटनचा भार बुडाशी उतरतो आहे आणि डोके ८ मिमी सरकले आहे, तर ६.४ किलोन्यूटन मीटर. तेवढा फरक समजावून सांगता येतो. त्याहून जास्त असेल तर चूक शोधा.

तिसरा, नोडवरच्या शिअरच्या (पाइलला आडवे कापू पाहणाऱ्या बलाच्या) उडीचा. नोडच्या वरच्या बीम एलिमेंटमधला शिअर वजा खालच्या एलिमेंटमधला शिअर म्हणजे त्या नोडच्या स्प्रिंगचे बल. ३ मीटर खोलीवर वर ६१.० आणि खाली ३५.६ असेल, तर स्प्रिंगमध्ये २५.४ दिसायलाच हवे. पहिले दोन ताळे संपूर्ण पाइलचे आहेत, हा एकेका नोडचा. स्प्रिंग चुकीच्या नोडला जोडली गेली असेल किंवा एकाच नोडला दोनदा लागली असेल तर ते इथे सापडते.

स्प्रिंगचे बल न वाचता मोमेंटच्या आलेखावरून विरोध काढला तर?

तत्त्वतः मोमेंटचे खोलीनुसार दोनदा डेरिव्हेटिव्ह घेतले की विरोध मिळतो. प्रत्यक्ष पाइलवर स्ट्रेन गेज बसवून चाचणी केली असेल तर दुसरा मार्गच नसतो. पण दुसऱ्या डेरिव्हेटिव्हमध्ये मोमेंटमधली बारीकशी खोट प्रचंड मोठी होते आणि आलेख करवतीसारखा दातेरी येतो. मॉडेलमध्ये स्प्रिंग हाताशी असताना हा द्राविडी प्राणायाम कशाला?

स्प्रिंगचे बल कमाल क्षमतेपेक्षा जास्त आले. हे शक्य आहे का?

तक्त्याचा शेवट तपासा. अबॅकसमध्ये तक्त्यातल्या शेवटच्या बिंदूच्या पुढे बल स्थिर राहते. ऍन्सिसच्या कॉम्बिन-३९ मध्ये शेवटच्या तुकड्याचा उतार तसाच पुढे चालू राहतो. म्हणजे शेवटचा तुकडा आडवा ठेवला नाही तर स्प्रिंग क्षमतेपलीकडे बल देत राहते आणि कसलीही सूचना येत नाही. कॉम्बिन-३९ वापरताना कमाल क्षमतेचे दोन बिंदू द्या, म्हणजे शेवट सपाट राहील. मॅटलॉकच्या स्थिर भाराच्या वक्रात कमाल क्षमता निम्म्या विरोधाच्या सरकण्याच्या आठपट अंतरावर येते. वरच्या उदाहरणात ती १२० मिमीवर आहे.

तक्त्याच्या सुरुवातीलाही एक अडचण आहे. घनमुळाच्या वक्राचा उतार शून्यापाशी अनंत असतो. पहिला बिंदू फार जवळ घेतला तर स्प्रिंग सुरुवातीला खडकासारखी वागते आणि विश्लेषण कन्व्हर्ज होईना अशी गत होते. पहिला बिंदू कुठे घेतला ते रिपोर्टमध्ये लिहा, कारण छोट्या भारावरचे बल त्यावर अवलंबून असते.

मृत भार, वारा, भूकंप यांची बले वेगवेगळी काढून बेरीज केली तर चालेल?

स्प्रिंग रेषीय असेल तर चालेल. अरेषीय असेल तर मुळीच नाही. प्रत्येक कॉम्बिनेशन स्वतंत्र चालवा. आणि एनव्हलपच्या (सगळ्या कॉम्बिनेशनमधून उचललेल्या कमाल) आकड्यांचा ताळा करायला जाऊ नका, प्रत्येक स्प्रिंगचे कमाल बल वेगळ्या कॉम्बिनेशनमधून आलेले असते. ताळा एकेका लोड केसचाच.

दोन दिशांना दोन वेगळ्या स्प्रिंगा दिल्या आहेत. बल कसे दाखवू?

दोन्हींचे परिणामी बल काढा आणि ते क्षमतेशी ताडा. भार ४५ अंशांत आला तर दोन स्वतंत्र स्प्रिंगा मिळून एका स्प्रिंगच्या १.४१ पट क्षमता देऊ शकतात, गोल पाइलच्या भोवतीची माती तसे करत नाही. भार मुख्यतः एका दिशेत असेल तर मॉडेल त्या दिशेत फिरवून ठेवणे सोपे पडते.

मुरूम आणि खडक जिथे सुरू होतो तिथे एका स्प्रिंगमध्ये बल एकदम उसळते. ते खरे मानायचे का?

आपल्याकडे हे फार दिसते. वर काळी माती, खाली मुरूम, मग मांजऱ्या (झिजलेला मऊ खडक), मग बेसाल्ट. मऊ थरातून पाइल एकदम कठीण थरात शिरतो तिथे उलट्या दिशेचे मोठे बल येणे साहजिक आहे, आणि त्यासोबत शिअरही वाढतो. प्रवृत्ती खरी, आकडा मात्र मेशवर हलतो.

अंतर निम्मे करून पुन्हा चालवा. प्रत्येक स्प्रिंगचे बल जवळपास निम्मे व्हायला हवे, कारण वाट्याची लांबी निम्मी झाली. पण बल भागिले लांबी, म्हणजे प्रति मीटर विरोध, फारसा बदलता कामा नये. तो बदलत असेल तर मेश अजून जाड आहे. मी सुरुवातीचे अंतर आर च्या एक चतुर्थांशाच्या आत ठेवतो. आधीच्या उदाहरणात एम-२५ काँक्रीटचा ६०० मिमी पाइल आणि के १२,००० धरला तर आर सुमारे २.१७ मीटर येतो, म्हणून अर्धा मीटर ठीक. खडकाच्या सीमेजवळ मात्र याहून बारीक लागते. आणि बोअरलॉगमध्ये एकाच रेषेने दाखवलेली सीमा जमिनीत तशी धारदार नसते, झिजलेला थर मध्ये असतो. तो स्प्रिंगांत उतरवला की उसळी बरीच खाली येते आणि आकडाही विश्वासार्ह होतो.

कोल्हापुरात काळ्या मातीसाठी आणि पुरासाठी वेगळे काय करायचे?

काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात फुगते व मऊ पडते. वरच्या भागात पाइल आणि माती यांच्यात फट राहू शकते. म्हणून एकच मॉडेल पुरत नाही. मी दोन चालवतो: एकात वरच्या भेगाळणाऱ्या भागाच्या स्प्रिंगा काढून टाकलेल्या, दुसऱ्यात ओल्या मातीची कमी ताकद धरून सगळ्या ठेवलेल्या. पहिल्यात खालच्या स्प्रिंगांवरचे बल किती वाढते ते पाहण्यासारखे असते. किती खोली काढायची ते जागेवरच्या भेगा आणि चाचणीचे निकाल पाहून ठरवा, दुसऱ्या कामातला आकडा उचलू नका.

पंचगंगेच्या काठच्या कामाला पाण्याची पातळी हा कागदावरचा मुद्दा नाही. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ फूट म्हणजे धोका, हे इथल्या शाळकरी पोरालाही माहीत आहे. २००५, २०१९ आणि २०२१ चे पूर आपण डोळ्यांनी पाहिलेत. पाणी जमिनीवर असताना मातीचे पाण्याखालचे वजनच धरायचे, त्यामुळे वरच्या स्प्रिंगांची कमाल क्षमता घटते. वाळूच्या थरात ही घट मोठी असते. पुलाच्या पाइलला त्याशिवाय खरवड आहे. प्रवाहाने तळ खरवडला गेला की त्या उंचीतल्या स्प्रिंगा उरतच नाहीत, आणि खालच्या थरांवरचे मातीचे दडपण कमी होऊन त्यांचीही क्षमता बदलते. फक्त वरच्या स्प्रिंगा पुसून खालच्यांचे वक्र तसेच ठेवणे हे अर्धवट काम आहे. नवीन तळापासून खोली मोजून सगळे वक्र पुन्हा काढा.

भूकंपाच्या विश्लेषणात स्प्रिंगचे बल कसे वाचायचे?

११ डिसेंबर १९६७ च्या कोयनेच्या भूकंपाच्या आठवणी आपल्या भागात अजून आहेत, आणि आयएस १८९३ या भूकंपाच्या संकेताच्या २०१६ च्या आवृत्तीत कोल्हापूर तिसऱ्या झोनमध्ये आहे. तेव्हा हा प्रश्न टाळता येत नाही.

स्थिर विश्लेषणात स्प्रिंगचे दुसरे टोक पक्के असते. भूकंपात माती स्वतः हलते, म्हणून ते टोक मातीच्या हालचालीला जोडलेले असते. बल ठरते ते पाइल आणि माती यांच्यातल्या फरकावर. पाइल २० मिमी सरकला आणि शेजारची मोकळी माती १६ मिमी सरकली तर स्प्रिंगला जाणवतात फक्त ४ मिमी. पाइलच्या एकूण सरकण्यावरून हाताने बल काढणाऱ्यांचा आकडा इथे भलताच मोठा येतो.

स्प्रिंगला समांतर डॅशपॉट (वेगाच्या प्रमाणात विरोध करणारा घटक) असेल तर पाइलवरचे बल दोन्हींचे मिळून होते. एकाच क्षणाचे दोन्ही घ्या, दोघांची वेगवेगळी कमाल नव्हे, कारण स्प्रिंगचे कमाल आणि डॅशपॉटचे कमाल एका वेळी येत नाही. आडव्या बलांच्या ताळ्यात पाइल आणि कॅपच्या (पाइलांची डोकी जोडणाऱ्या काँक्रीटच्या ठोकळ्याच्या) वस्तुमानाचे जडत्वबलही धरावे लागते. ते विसरले की बेरीज कधीच जुळणार नाही.

पाइल ग्रुपमध्ये?

मागच्या ओळीतल्या पाइलला पुढच्याच्या सावलीतली सैल माती मिळते, म्हणून विरोधाला गुणक लावतात. भाराच्या दिशेत व्यासाच्या तिप्पट अंतर असेल तर अमेरिकेतल्या आश्टोच्या पुलांच्या संकेतात पहिल्या ओळीला ०.८, दुसऱ्या ओळीला ०.४ आणि पुढच्यांना ०.३ दिले आहे. वक्रात गुणक आधीच घातला असेल तर बाहेर आलेल्या बलाला पुन्हा लावू नका. आणि दिशा उलटली की पुढची ओळ मागची होते, गुणक बदलून पुन्हा चालवा.

मी माती त्रिमितीय सॉलिड एलिमेंटने केली आहे, स्प्रिंगा नाहीत. मग विरोध कसा काढू?

पाइल आणि माती यांच्या इंटरफेसवरचा दाब आणि घर्षण दोन्ही भाराच्या दिशेत घटकांत मांडून परिघाभर बेरीज करा, मग त्या पट्टीच्या उंचीने भागा. फक्त समोरचा दाब घेतला तर बाजूचे घर्षण सुटते आणि विरोध कमी दिसतो. पाइलच्या आत एक लवचीक नाममात्र बीम ठेवून त्याचा मोमेंट वाचणारेही आहेत, पण मग वर म्हटलेला दातेरी आलेख आलाच. त्रिमितीय मॉडेलमध्येही पहिला ताळा तोच: बेरीज भाराएवढी.

तपासणीला देताना शीट कशी मांडू?

रकाने असे ठेवा: नोड क्रमांक, खोली, वाट्याची लांबी, सरकणे, स्प्रिंगचे बल, प्रति मीटर विरोध, त्या खोलीची कमाल क्षमता, दोघांचे गुणोत्तर, आणि बल गुणिले खोली. खाली दोन बेरजा. गुणोत्तराचा रकाना मी आधी पाहतो. चिन्हाचा नियम शीटच्या माथ्यावर एका वाक्यात लिहा: "उजवीकडे रेटणारे अधिक". तपासणारा तुमच्या सॉफ्टवेअरचा नसेल तर त्याचा अर्धा दिवस वाचतो.

जागेवरच्या लोड टेस्टशी मॉडेल जुळत नाही. स्प्रिंगा बदलू का?

आधी बघा दोन्ही एकच गोष्ट मोजताहेत का. आयएस २९११ च्या चौथ्या भागात आडव्या चाचणीसाठी ५ मिमी आणि १२ मिमी सरकण्याचे निकष आहेत. मापक बहुधा भाराच्या पातळीवर किंवा कट-ऑफला (पाइलचे डोके जिथे छाटतात तिथे) लावलेला असतो आणि मॉडेलमध्ये सरकणे जमिनीच्या पातळीवर वाचलेले असते. जॅक जमिनीच्या अर्धा मीटर वर असेल तर मॉडेलमध्येही भार तिथेच लावा, नाहीतर मोमेंट सुटतो. चाचणीचा पाइल मोकळ्या डोक्याचा असतो आणि कामातला पाइल कॅपमध्ये अडकलेला, हेही बघा.

हे सगळे जुळवूनही फरक राहिला तर वरच्या चार-पाच व्यासांतल्या स्प्रिंगा पाहा. आडव्या भाराला तोच भाग प्रामुख्याने उत्तर देतो, खालचे वक्र दुप्पट केले तरी डोक्याचे सरकणे फारसे हलत नाही. बदल करताना तक्त्यातली बले एकाच गुणकाने वाढवा किंवा कमी करा, मनाला येईल तसा एखादाच बिंदू हलवू नका. प्रत्येक बदलानंतर तिन्ही ताळे पुन्हा करा आणि चाचणीच्या किमान तीन भारांशी सरकणे ताडा. एका भारावर जुळवलेली माती दुसऱ्या भारावर हमखास चुकते. चाचणी उन्हाळ्यात झाली असेल तर तीही तारखेसकट शीटवर लिहा, कारण जुळवलेल्या स्प्रिंगा त्या कोरड्या मातीच्या आहेत आणि पावसाळ्यातले मॉडेल वेगळेच चालवायचे आहे.